संगणकाचा वीजपुरवठा संच : कमी किमतीच्या जुन्या व नव्या रचना

संगणकाचा वीजपुरवठा संच हा घरगुती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती विजेचे संगणकाच्या अंतर्गत भागांना लागणाऱ्या कमी दाबाच्या दिष्ट विजेत रूपांतर करणारा घटक आहे. महाराष्ट्रात तो ‘एसएमपीएस’ या नावाने ओळखला जातो. ही ‘स्विच्ड मोड पॉवर सप्लाय’ या संज्ञेची आद्याक्षरे आहेत. संचातून प्रामुख्याने १२, ५ व ३.३ व्होल्ट असे तीन दाब मिळतात. शिवाय संगणक बंद असतानाही चालू राहणारा ५ व्होल्टचा एक लहान उपपुरवठा असतो.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती, शालेय व कार्यालयीन संगणकांत बहुधा सर्वांत कमी किमतीच्या श्रेणीतील संच बसवलेला असतो. या श्रेणीतील जुने व नवे संच बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. पत्र्याच्या पेटीचा आकार तोच, स्क्रूंची छिद्रे त्याच जागी आणि पुष्कळदा लेबलवरील वॉटचा आकडाही तोच असतो. आतील मांडणी मात्र १९९५ ते २०२० या काळात मोठ्या प्रमाणात बदलली. स्थिर दाबाच्या शहरी पुरवठ्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. विदर्भातील वाशीमसारख्या ग्रामीण जिल्ह्यांत दाबातील चढउतार, इन्व्हर्टरवरील अवलंबित्व, उन्हाळ्याचे तापमान आणि सदोष अर्थिंग हे चारही घटक एकत्र येतात. तेथे संगणक किती वर्षे चालणार हे बहुतांशी या फरकावर ठरते.

पार्श्वभूमी

१९८० व १९९० च्या दशकांतील ‘एटी’ प्रकारच्या संचात संगणकाच्या दर्शनी भागावरील बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची तार आणलेली असे. मदरबोर्डाला जोडण्यासाठी एकमेकांशेजारी बसणारे दोन जोडक असत व काळ्या तारा मध्यभागी आल्या पाहिजेत हा नियम दुरुस्ती करणाऱ्यांना पाठ करावा लागे. जोडक उलटे लावल्यास मदरबोर्ड निकामी होई. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात एकसंध वीस टाचण्यांचा जोडक, ३.३ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा आणि मदरबोर्डाच्या इशाऱ्याने संच चालू-बंद करण्याची सोय आली.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा हे त्याचे सहा तालुके आहेत. जिल्ह्याच्या स्थापनेनंतरची पहिली दहा-पंधरा वर्षे ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणक पोहोचण्याचीही वर्षे होती. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला व तालुक्याच्या गावी संगणक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. पुढे सेतू केंद्रे, ‘संग्राम’ प्रकल्पातील ग्रामपंचायतींचे संगणक आणि आपले सरकार सेवा केंद्रे आली. ‘जुन्या’ व ‘नव्या’ रचनांमधील संक्रमण याच काळात घडले.

या संक्रमणाचा मुख्य टप्पा २००० ते २००३ हा होय. पेंटियम ३ आणि त्या काळातील अ‍ॅथलॉन या प्रक्रियकांचे बरेच मदरबोर्ड प्रक्रियकासाठी लागणारी वीज ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून घेत. पेंटियम ४ ची गरज इतकी वाढली की ५ व्होल्टवर लागणारा प्रवाह तारा व जोडकांना पेलवेना. तेवढीच शक्ती १२ व्होल्टवर नेल्यास प्रवाह निम्म्याहून कमी होतो. म्हणून २००० मध्ये ‘एटीएक्स १२ व्ही’ मानकाने प्रक्रियकासाठी चार टाचण्यांचा स्वतंत्र १२ व्होल्ट जोडक आणला. २००३ च्या दुसऱ्या आवृत्तीने मुख्य जोडक वीसवरून चोवीस टाचण्यांचा केला व संचाचा बहुतांश भार १२ व्होल्टकडे वळवला. तेव्हापासून संगणकाचे खरे बळ म्हणजे १२ व्होल्टची वाहिनी असे समीकरण झाले. स्वस्त संचांचे निर्माते मात्र हे समीकरण कित्येक वर्षे उशिरा स्वीकारत गेले आणि जुन्या मांडणीलाच चोवीस टाचण्यांचा जोडक लावून विक्री सुरू राहिली.

जुनी रचना

जुन्या स्वस्त संचाचे आतील चित्र बहुधा ठरलेले असते. प्रवेशाजवळ २३० व ११५ व्होल्ट निवडण्याचा लहान लाल खटका, त्यामागे एकदिशकारक आणि २०० व्होल्ट क्षमतेची दोन मोठी धारित्रे (कपॅसिटर) असतात. खटका २३० वर असताना ही धारित्रे एकसर राहतात व त्यांच्यावर मिळून सुमारे ३२० व्होल्टचा दिष्ट दाब साठतो. खटका ११५ वर असल्यास मांडणी दाब दुप्पट करणारी होते. भारतातील पुरवठ्यावर खटका चुकून ११५ वर राहिला तर धारित्रांवर क्षमतेच्या कितीतरी पलीकडे दाब येतो आणि मोठा आवाज होऊन ती फुटतात. नव्याने आणलेला संगणक पहिल्याच जोडणीला ‘फटका’ होऊन बंद पडण्यामागे हे एक जुने व साधे कारण असे.

पुढे द्विध्रुवी प्रकारच्या दोन ट्रान्झिस्टरांची अर्धसेतू मांडणी व तिचे नियंत्रण करणारी ‘टीएल ४९४’ किंवा तिच्याशी जुळणारी ‘केए ७५००’ ही चिप येते. ही मांडणी सोपी, स्वस्त आणि दुरुस्तीस अनुकूल होती. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावातील दूरचित्रवाणी दुरुस्तीच्या दुकानातही मिळत, त्यामुळे असे संच पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरले गेले. नव्या संचांच्या तुलनेत हा त्यांचा खराखुरा गुण मानावा लागतो.

त्यांचा मोठा दोष सामायिक नियमनाचा आहे. ५ व १२ व्होल्टच्या दोन्ही वाहिन्या एकाच वेटोळ्यातून जातात आणि नियंत्रक चिप दोन्हींच्या दाबाचे मिश्रण पाहून निर्णय घेते. १२ व्होल्टवर भार वाढला व ५ व्होल्टवर तो कमी राहिला, तर १२ व्होल्टचा दाब खाली जातो आणि तो सावरताना ५ व्होल्टचा दाब वर चढतो. एटीएक्स मानकानुसार दोन्हींमध्ये पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. म्हणजे १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत राहिली पाहिजे. पेंटियम ३ च्या काळात दोन्ही वाहिन्यांवर बऱ्यापैकी भार असल्याने हा तोल सांभाळला जाई. आजच्या संगणकात जवळजवळ सर्व भार १२ व्होल्टवर असतो, म्हणून तोच संच नव्या मदरबोर्डावर मर्यादेबाहेर जातो. २०१३ मध्ये आलेल्या इंटेलच्या हॅसवेल पिढीत प्रक्रियक विश्रांतीच्या अवस्थेत १२ व्होल्टवरून अत्यल्प प्रवाह घेऊ लागला, तेव्हा याच अडचणीचे दुसरे टोक दिसले. इतक्या कमी भारावर काही जुन्या संचांचा दाब मर्यादेत राहत नसे.

जुन्या रचनेतील सर्वांत धोकादायक भाग मात्र आकाराने सर्वांत लहान असतो. सदैव चालू राहणारा ५ व्होल्टचा उपपुरवठा अनेक स्वस्त संचांत एका ट्रान्झिस्टराभोवतीच्या स्वयंदोलकावर उभारलेला असे आणि त्याचे नियमन एका लहानशा धारित्रावर अवलंबून असे. हे धारित्र उष्णतेने सुकले की उपपुरवठ्याचा दाब ५ व्होल्टच्या बराच वर जातो आणि मदरबोर्ड जळतो. भिंतीवरील बटण बंद न करता केवळ संगणक ‘शट डाउन’ केला, तर हा भाग रात्रंदिवस तापत राहतो. नव्या संचांत त्या जागी स्वतःचे संरक्षण करणारी एकात्मिक चिप असते.

नवी रचना

नव्या रचनेत प्रवेशाजवळच ‘सक्रिय शक्तिगुणक सुधारणा’ हे स्वतंत्र मंडल असते. ते येणाऱ्या विजेचा दाब वाढवून एका मोठ्या धारित्रावर सुमारे ३८० व्होल्ट इतका स्थिर दिष्ट दाब राखते. भिंतीतील दाब १८० असो की २४०, पुढील मंडलाला तो ३८० च दिसतो. त्यामुळे लाल खटक्याची गरज संपते. अशा संचाच्या लेबलवर बहुधा ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते.

दुसरा बदल नियमनाचा आहे. मुख्य रूपांतरक केवळ १२ व्होल्ट तयार करतो आणि ५ व ३.३ व्होल्ट हे त्या १२ व्होल्टमधून लहान दिष्ट-ते-दिष्ट रूपांतरकांद्वारे काढले जातात. तिन्ही वाहिन्यांचे नियमन वेगवेगळे झाल्याने एकीवरील भाराचा परिणाम दुसरीवर जवळजवळ होत नाही. ही पद्धत प्रथम महाग संचांत आली आणि २०१० नंतरच्या दशकात हळूहळू खालच्या किमतीत उतरली. कॉर्सेअर कंपनीची सीएक्स मालिका हे त्याचे परिचित उदाहरण आहे. या मालिकेतील हिरव्या अक्षरांचे जुने संच सामायिक नियमनाचे होते, तर नंतरच्या राखाडी लेबलच्या संचांत दिष्ट-ते-दिष्ट पद्धत आली. मालिकेचे नाव मात्र तेच राहिले. केवळ नाव सांगून केलेली चौकशी अपुरी पडते, ती यामुळे.

कार्यक्षमतेतही फरक पडला. जुने स्वस्त संच घेतलेल्या विजेपैकी साधारण ६५ ते ७० टक्के वीज संगणकाला देत व उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाई. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ या प्रमाणपत्रासाठी क्षमतेच्या २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता आवश्यक ठरवली गेली. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा वरच्या श्रेणी जोडल्या गेल्या. मूळ चाचणी अमेरिकेतील ११५ व्होल्टवर होते. २३० व्होल्टसाठी वेगळी श्रेणी आहे.

लेबलवरील वॉटचा अर्थ

स्वस्त संचांच्या बाबतीत सर्वाधिक दिशाभूल वॉटच्या एकूण आकड्याने होते. जुन्या संचावर ‘४५० वॉट’ असे ठळक छापलेले असले, तरी खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १५ अँपिअर लिहिलेले असेल, तर त्या वाहिनीवर मिळणारी शक्ती १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॉट आहे. उरलेला आकडा ५ व ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांचा असतो आणि आजचा संगणक त्यांचा फारच थोडा उपयोग करतो. नव्या रचनेच्या ४५० वॉटच्या संचात १२ व्होल्टसमोर साधारणतः ३६ अँपिअर आढळतात, म्हणजे ४३२ वॉट. एकच आकडा छापलेल्या दोन पेट्यांमध्ये प्रत्यक्ष उपयोगी शक्तीचे अंतर दुपटीहून अधिक असू शकते.

अर्थात साध्या कार्यालयीन संगणकाला १०० वॉटच्या आसपासच शक्ती लागते, त्यामुळे १८० वॉटही पुरेसे वाटू शकतात. प्रश्न उद्भवतो तो लेबलवरील १५ अँपिअर हे स्वतःच खरे नसतात तेव्हा. अगदी हलक्या संचांत विद्युतगोंगाट रोखणाऱ्या गाळणीचे भाग न बसवता त्यांच्या जागी नुसत्या तारेचे तुकडे लावलेले असतात. दाबाचा झटका शोषणारा व्हॅरिस्टर गाळलेला असतो, उष्णताशोषक पट्ट्या पातळ असतात आणि तारा ठरल्यापेक्षा बारीक असतात. पेटी उचलून वजन पाहण्याची बाजारातील पद्धत यातूनच आली. ती सर्वस्वी निरुपयोगी नाही. पण काही निर्मात्यांनी आत निरुपयोगी जड ठोकळा बसवून तिच्यावरही मात केल्याची उदाहरणे संच उघडून पाहणाऱ्यांना आढळली आहेत.

दाबातील चढउतार आणि खंडित पुरवठा

भारतात कमी दाबाच्या ग्राहकांसाठी २३० व्होल्टच्या वर-खाली सहा टक्के, म्हणजे अंदाजे २१६ ते २४४ व्होल्ट, ही पुरवठ्याची परंपरागत नियमबद्ध मर्यादा आहे. ग्रामीण वीजवाहिनीच्या शेवटच्या टोकाला ती नेहमी पाळली जातेच असे नाही. वाशीम जिल्ह्यात खरिपात सोयाबीन, तूर व कापूस आणि रब्बीत हरभरा व गहू ही पिके घेतली जातात. रब्बीच्या ओलितासाठी विहिरींवरील व नाल्यांवरील पंप एकाच वेळी सुरू झाले, की त्या रोहित्रावरील दाब खाली येतो व पंप बंद होताच तो उसळतो. कृषिपंपांना ठरावीक तासांत, आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याची पद्धत असल्यामुळे ही घट कधी दुपारी तर कधी रात्री जाणवते. गावठाणाच्या वाहिन्या शेतीच्या वाहिन्यांपासून वेगळ्या करण्याच्या योजनेमुळे अनेक गावांत परिस्थिती सुधारली. वस्ती शेतात असेल, तर तो लाभ मिळत नाही.

कमी दाबाचा जुन्या संचावर होणारा परिणाम आकडेमोडीने स्पष्ट होतो. समजा, जुन्या संचात ३३० मायक्रोफॅरडची दोन धारित्रे एकसर आहेत, म्हणजे परिणामी धारिता १६५ मायक्रोफॅरड. संगणक १०० वॉट घेत आहे व कार्यक्षमता ७० टक्के आहे, म्हणजे धारित्रांतून सुमारे १४३ वॉट काढले जात आहेत. साठलेला दाब २२० व्होल्टच्या खाली गेला की संच थांबतो असे धरू. भिंतीत २३० व्होल्ट असताना धारित्रांवर ३२० व्होल्ट असतात आणि वीज गेल्यावर सुमारे ३१ मिलिसेकंद संगणक तग धरतो. भिंतीत १८० व्होल्ट असतील, तर धारित्रांवर सुमारे २५० व्होल्टच साठतात आणि तग धरण्याचा काळ ८ मिलिसेकंदांवर येतो. धारित्रे २२० मायक्रोफॅरडची बसवलेली असतील, तर तो जेमतेम ५ मिलिसेकंद उरतो.

साध्या यूपीएसला भिंतीच्या विजेवरून बॅटरीवर जाण्यास साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे दाब पूर्ण असताना यूपीएसवर व्यवस्थित चालणारा संगणक, दाब खाली असताना वीज गेली तर पुन्हा सुरू होतो. यूपीएस खराब झाल्याची जी तक्रार अशा वेळी केली जाते, ती पुष्कळदा चुकीच्या वस्तूबद्दल असते. रिले असलेल्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्येही टप्पा बदलताना पुरवठा क्षणभर तुटतो व तोच प्रकार घडतो.

नव्या रचनेत २२० मायक्रोफॅरडचे एकच धारित्र ३८० व्होल्टवर भारलेले असेल आणि संच ३०० व्होल्टपर्यंत चालत असेल, तर ८५ टक्के कार्यक्षमतेने १०० वॉट देताना तग धरण्याचा काळ सुमारे ५० मिलिसेकंद येतो. भिंतीत १८० व्होल्ट असोत वा २३०, तो बदलत नाही. ग्रामीण पुरवठ्यावर नव्या रचनेचा सर्वांत मोठा लाभ विजेच्या बचतीत नसून येथे आहे. परीक्षेच्या मध्यात किंवा ऑनलाइन अर्ज भरताना संगणक पुन्हा सुरू होणे ही ज्या केंद्रांची नित्याची अडचण आहे, त्यांच्यासाठी हा फरक प्रत्यक्ष कामाचा आहे.

इन्व्हर्टरच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात. २३० व्होल्टच्या ज्यावक्रीय लहरीचे शिखर ३२५ व्होल्टवर असते, तर निव्वळ चौकोनी लहरीचे शिखर २३० व्होल्टवरच असते. जुन्या संचातील धारित्रे शिखरापर्यंतच भारली जात असल्याने त्यांच्यावर २३० व्होल्टच येतात आणि संच काठावर चालतो. नव्या संचाला शिखर कमी असण्याची अडचण नसते. परंतु सक्रिय सुधारणेचे मंडल लहरीचा आकार पाहून प्रवाह घेत असल्याने चौकोनी लहरीच्या उभ्या कडांवर ते प्रवाहाचे झटके घेते. काही यूपीएस व इन्व्हर्टर अशा वेळी अतिभाराचा इशारा देऊन बंद पडतात. संच बदलल्यावर जुना इन्व्हर्टर ‘चालेनासा’ होतो, त्याचे हे कारण. ज्यावक्रीय लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर हा प्रश्न येत नाही.

शक्तिगुणक व यूपीएसची क्षमता

सुधारणा नसलेला जुना संच लहरीच्या शिखराजवळच्या थोड्या काळातच प्रवाह ओढतो. त्यामुळे त्याचा शक्तिगुणक ०.६ ते ०.६५ इतका कमी राहतो. १०० वॉट देताना तो भिंतीतून १४३ वॉट घेतो. पण यूपीएसवर पडणारा त्याचा भार सुमारे २४० व्होल्ट-अँपिअर असतो. नव्या संचाला तेवढ्याच कामासाठी ११८ वॉट लागतात व शक्तिगुणक ०.९५ धरल्यास भार सुमारे १२४ व्होल्ट-अँपिअर होतो. दहा संगणकांच्या प्रशिक्षण केंद्रात हा फरक सुमारे २.४ विरुद्ध १.२ केव्हीए इतका, म्हणजे यूपीएसचा आकार निम्मा करणारा ठरतो. शिवाय तीन फेजवर विभागलेल्या जुन्या संचांच्या प्रवाहातील तिसऱ्या पटीचे संनादी न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता मिळवले जातात आणि न्यूट्रलची तार तापते. विजेची बचत मात्र माफक असते. दररोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस वापर धरल्यास २५ वॉटच्या फरकाने एका संगणकामागे वर्षाला ६० युनिट वाचतात.

उष्णता आणि आयुष्य

वाशीम जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपास घेतली जाते, त्यामुळे प्रमाणपत्रावरून उन्हाळ्यातील वर्तनाचा अंदाज बांधता येत नाही. संचाचे आयुष्य मुख्यतः त्यातील विद्युत-अपघटनी धारित्रांवर ठरते. तापमान १० अंशांनी कमी झाले की धारित्राचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा प्रचलित ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २००० तास टिकणारे धारित्र संचाच्या आत ६५ अंशांवर राहिले, तर सुमारे ३२,००० तास टिकेल. ८५ अंशांवर २००० तास टिकणारे धारित्र त्याच जागी ८००० तास. वर्षाला २४०० तास वापर धरल्यास पहिले तेरा वर्षे जाते, दुसरे तीन वर्षांच्या पुढे थोडे. दोन्ही धारित्रे एकाच आकाराची दिसतात आणि त्यांच्या किमतीतील फरक काही रुपयांचा असतो.

जुन्या संचांत मागील बाजूस ८० मिलिमीटरचा पंखा असे; नव्यांत तळाशी किंवा वर १२० मिलिमीटरचा असतो. मोठा पंखा कमी वेगाने तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज घटतो. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांतील भुसा आणि काळ्या मातीची धूळ मात्र दोघांनाही सारखीच अडवते. धुळीचा थर ओलावा धरतो व पावसाळ्याच्या आरंभी अनेक संच त्यामुळे बंद पडतात. जाळीतून आत शिरलेली पाल हेही बिघाडाचे एक कारण आहे. ते कोणत्याही मानकात नमूद नाही.

अर्थिंगचा प्रश्न

चांगल्या संचाच्या प्रवेशगाळणीत फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पेटीच्या पत्र्याकडे जोडलेली दोन लहान धारित्रे असतात. अर्थिंग नीट असेल, तर त्यांतून जाणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल, तर पेटीवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब दिसतो आणि हात लावल्यास झिणझिण्या येतात. प्रवाह फार लहान असल्याने एरवी तो जीवघेणा नसतो. मात्र अर्थिंग नसलेल्या जागी संचात खरा बिघाड होऊन फेज पत्र्याला लागल्यास कोणतेही संरक्षण उरत नाही.

येथे एक विपरीत परिस्थिती निर्माण होते. गाळणीच न बसवलेल्या हलक्या जुन्या संचाला झिणझिण्या येत नाहीत. तो काढून नवा, चांगला संच बसवला की त्या येऊ लागतात व ‘नवा संच शॉक मारतो’ म्हणून परत केला जातो. प्रत्यक्षात दोष जागेच्या अर्थिंगचा असतो आणि तो आधीपासूनच होता. तिसरी टाचणी नसलेला प्लग किंवा दोन टाचण्यांचे एक्स्टेंशन बोर्ड वापरल्यानेही हाच परिणाम होतो.

खरा नवा संच ओळखणे

लाल खटका नसणे हे नव्या रचनेचे पुरेसे लक्षण नाही. कित्येक स्वस्त संचांत जुनीच मांडणी ठेवून केवळ खटका काढून टाकलेला असतो. अशा लेबलवर ‘२०० ते २४० व्होल्ट’ किंवा नुसते ‘२३० व्होल्ट’ असते. चोवीस टाचण्यांचा जोडक, साटा जोडक, काळ्या रंगाच्या तारा आणि मोठा पंखा ही तर बाह्य लक्षणे आहेत व ती कोणत्याही मांडणीवर चढवता येतात. भरवशाचा पुरावा म्हणजे लेबलवरील १२ व्होल्टची शक्ती एकूण शक्तीच्या किती जवळ आहे हे पाहणे. ती ९० टक्क्यांहून अधिक असेल, तर संच बहुधा दिष्ट-ते-दिष्ट पद्धतीचा असतो. ८० प्लसचे चिन्ह छापलेले असल्यास त्या प्रमाणपत्राच्या जाहीर यादीत नेमके ते मॉडेल शोधता येते.

भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणी योजनेखालील चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक हा विद्युत सुरक्षेशी संबंधित आहे. तो वॉटच्या आकड्याची किंवा दाबाच्या स्थिरतेची ग्वाही देत नाही. दुकानातील सर्वांत प्रचलित चाचणी म्हणजे हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का ते पाहणे. तिने संच सुरू होतो एवढेच कळते. भाराखाली १२ व्होल्टची वाहिनी ११.४ च्या वर राहते का, हे संगणक चालू असताना मल्टिमीटर लावल्याखेरीज समजत नाही.

जुने संच वापरात ठेवणे

पेंटियम ४ पूर्वीच्या संगणकांसाठी जुना, ५ व्होल्टवर भर देणारा संचच योग्य असतो. नव्या संचांची ५ व्होल्टची क्षमता बहुधा मर्यादित असते व पूर्वीचा उणे ५ व्होल्टचा पुरवठाही काढून टाकण्यात आला आहे. अशा प्रसंगी फुगलेली धारित्रे बदलून, विशेषतः उपपुरवठ्यातील लहान धारित्र बदलून, जुना संच टिकवणे शहाणपणाचे ठरते. नव्या मदरबोर्डाला जुना वीस टाचण्यांचा संच जोडल्यास संगणक सुरू होऊ शकतो. परंतु उरलेल्या चार टाचण्यांतून जाणारा प्रवाह इतर टाचण्यांवर पडून जोडक तापतो आणि प्लास्टिक पिवळे पडलेले दिसते.

बॅटरीवर चालणाऱ्या इतर उपकरणांसाठी किंवा प्रयोगशाळेत १२ व्होल्टचा स्रोत म्हणूनही जुने संच वापरले जातात. तेथे ५ व्होल्टच्या वाहिनीवर थोडा कायम भार ठेवावा लागतो. अन्यथा सामायिक नियमनामुळे १२ व्होल्टचा दाब स्थिर राहत नाही. संच उघडताना वीज काढल्यानंतरही मोठ्या धारित्रांवर काही मिनिटे ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो, कारण तो उतरवणारे रोध स्वस्त संचांत कधीकधी बसवलेलेच नसतात.